मे महिन्यात मकबऱ्याचा फोटो मेलेला का दिसतो?

प्रश्न : संभाजीनगरातल्या वास्तूंचे फोटो काढतोय: बीबी का मकबरा, भडकल दरवाजा, पाणचक्की, जमलं तर सलीम अली सरोवर. कॅमेरा साधा डीएसएलआर, लेन्स १८-५५. मकबरा सकाळी आठला काढला तरी राखाडी येतो. मिनार आत झुकतात. भडकलच्या कमानीखालून काढलं तर बाहेरचं सगळं पांढरं फटक. काय चुकतंय?

उत्तर १ : भाऊ, वेळ नाही, महिना चुकलाय. मकबऱ्याचं तोंड दक्षिणेला आहे आणि आपलं शहर जवळपास २० अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या मध्यावर सूर्य पूर्वेच्याही उत्तरेकडून उगवतो, म्हणजे इमारतीच्या मागच्या अंगाने. दर्शनी भिंतीवर दुपार जवळ येईपर्यंत थेट ऊन पडतच नाही, आणि पडतं तेव्हा ते डोक्यावरून, भिंतीला घासून जातं. कोनाड्यांत काळ्या सावल्या, नक्षी गायब. डिसेंबरात उलटं: सूर्य दिवसभर दक्षिणेत, भर दुपारीही ४७ अंशांवरच. मकबऱ्यासमोर उभं राहिलं की सकाळी उजव्या खांद्यामागून ऊन येतं, संध्याकाळी डाव्या. साडेचार ते साडेपाच सगळ्यात चांगलं. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात मागचे डोंगर हिरवे असतात आणि हवाही धुतलेली, तेव्हा तर जाच.

राखाडीपणाचं दुसरं कारण मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा भाग. समोर पांढरंच पांढरं असलं की कॅमेरा ते मध्यम करड्यावर आणतो. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +०.७ ते +१ करा, पण हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या कडेला टेकू देऊ नका. घुमट आणि खालचा पट्टा संगमरवराचा, बाकी बरंचसं चुन्याच्या गिलाव्याचं. दोन्हींचा पांढरा एकसारखा नाही. म्हणून रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढऱ्याची छटा, नंतर बसवता येतो.

उत्तर २ : मिनारांचं सांगतो. कॅमेरा वर उचलला की उभ्या रेषा आत येतात, दुसरं काही नाही. मागे सरका, बागेच्या दारापर्यंत गेलात तरी चालेल, आणि कॅमेरा अगदी सपाट धरा. खाली फरशी जास्त येईल, ती कापून टाका. तरी थोडं झुकलंच तर सॉफ्टवेअरमध्ये सरळ करा, पण कडा खाल्ल्या जातात, त्यामुळे काढतानाच चारी बाजूंनी जागा सोडा. लेन्सचं तोंड (अ‍ॅपर्चर) एफ ८ पुरे. एफ १६ ला या लेन्सवर बारीक जाळी मऊ पडते. हौदात पाणी असेल तर कॅमेरा कठड्याला टेकवून पाण्यालगत धरा, प्रतिबिंब पूर्ण येतं. ट्रायपॉड घेऊन जाण्याआधी पुरातत्त्व विभागाची परवानगी काढा, ड्रोन तर नकोच.

उत्तर ३ : भडकल १६१२ चा, मलिक अंबरच्या काळचा. त्याच्या कमानीखालची सावली आणि बाहेरचं ऊन यांत बराच फरक असतो, एका फोटोत दोन्ही मावत नाहीत. भिंतीला पाठ टेकून वेगवेगळ्या एक्स्पोजरला तीन फोटो घ्या: -२, ०, +२, आणि सॉफ्टवेअरमध्ये जोडा. सूर्योदयानंतर लगेच गेलात तर गाड्याही कमी असतात.

पाणचक्कीला घाई करू नका. भिंतीवरून हौदात पडणारं पाणी रेशमासारखं हवं असेल तर ६ स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड ६४ पट कमी करणारी गडद काच) लागतो. उन्हात एफ ११, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला शटर १/२०० च्या आसपास येतं. ६४ पट हळू केलं की साधारण १/३ सेकंद. त्याहून लांब शटरमध्ये पाण्याची धार हरवते, नुसता पांढरा पडदा उरतो.

उत्तर १ : सरोवरासाठी एवढंच: पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावून पाण्याकडे ३७ अंश खाली बघा, चकाकी तिथे सगळ्यात जास्त कापली जाते. लेन्स १८ मिमीवर असेल तेव्हा मात्र तो काढून ठेवा, आभाळात एकीकडे गडद डाग पडतो.