मदत हवी आहे: लॅमोट्रिजिन + व्हॅल्प्रोएट, उरलेल्या २४ उंदरांत काय बसवू?

नमस्कार मंडळी,

मी एम. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय फार्माकॉलॉजी. प्रबंधासाठी लॅमोट्रिजिन आणि व्हॅल्प्रोएट या फिट्सवरच्या औषधांची जोडी तपासतेय. त्यासाठी स्विस अल्बिनो उंदरांवर एमईएस (विजेचा शॉक देऊन आकडी आणायची चाचणी) करतेय: कॉर्नियल (डोळ्यांवर लावायचे) इलेक्ट्रोड, ५० मिलिअँपिअर, ०.२ सेकंद. मागचे पाय ताठ होऊन मागे ताणले गेले नाहीत, तर उंदीर वाचला असं धरायचं.

एकेकट्या औषधांचे ईडी-५० (निम्मे उंदीर वाचतील असा डोस) काढून झालेत. लॅमोट्रिजिन ५ आणि व्हॅल्प्रोएट २४० मि.ग्रॅ./किलो, दोन्ही पोटाच्या पोकळीत टोचून. मग दोन्हींचे निम्मे डोस एकत्र दिले, २.५ आणि १२०. लॅमोट्रिजिन शॉकच्या ६० मिनिटं आधी, व्हॅल्प्रोएट ३० मिनिटं आधी. परिणामांची नुसती बेरीज झाली असती तर ८ पैकी साधारण ४ वाचायला हवे होते. ७ वाचले. पाय पोटाशीच राहिले, आणि थोड्या वेळात एक तर मिशा साफ करत बसला. इतका आनंद झाला की काय सांगू!

सर म्हणतात, "सिनर्जी लिहून टाक." म्हणजे जोडीचा परिणाम नुसत्या बेरजेपेक्षा जास्त. माझं मन तयार होत नाही. एकाच डोसवर, आठच उंदरांत हे कसं म्हणायचं? आयसोबोलोग्रामसाठी (जोडीचा परिणाम बेरजेइतका की जास्त, हे दाखवणारा आलेख) मिश्रणाचा स्वतःचा ईडी-५० हवा, म्हणजे आणखी निदान तीन डोस. शिवाय व्हॅल्प्रोएट लॅमोट्रिजिनचं ग्लुकुरोनिडेशन (यकृतात औषध निकामी होण्याची प्रक्रिया) अडवतं; माणसांत लॅमोट्रिजिनचं अर्धायुष्य जवळपास दुप्पट होतं, म्हणून तर दोन्ही चालू असतील तेव्हा लॅमोट्रिजिन कमी डोसने सुरू करतात. माझ्या उंदरांच्या मेंदूत लॅमोट्रिजिनच वाढलं असेल, तर ती सिनर्जी नव्हे, नुसता जास्त डोस झाला.

आयएईसीने (संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीने) मंजूर केलेल्यांपैकी २४ उंदीर उरलेत. अडलंय ते इथे:

व्हॅल्प्रोएट देऊन जेमतेम अर्धा तास झालेला असतो. एवढ्या वेळात उंदराच्या मेंदूतल्या लॅमोट्रिजिनच्या पातळीत मोजण्याजोगा फरक पडतो का? पडत असेल तर १२ उंदीर एचपीएलसीसाठी (मेंदूतलं औषध मोजायची पद्धत) ठेवते, ६ नुसत्या लॅमोट्रिजिनवर आणि ६ जोडीवर. पण मग तीन डोसांसाठी चार-चारच उरतात.

रोटारॉड (फिरत्या दांड्यावर उंदराचा तोल टिकतो का, ही चाचणी) त्याच उंदरांवर शॉकच्या लगेच आधी घेतला तर चालेल का? ६ आरपीएम, एक मिनिट. जोडीवरचे दोन उंदीर हातात जरा ढिले लागले होते. गुंगी वाढत असेल तर ते प्रबंधात यायलाच हवं.

की आयएईसीकडे सुधारित अर्ज करून आणखी उंदीर मागू? या मुक्या जिवांचा जीव आपण घेतो, तो अर्धवट निष्कर्षासाठी जायला नको. कोणी हे काम हाताने केलं असेल तर कृपया सांगा.