मदत हवी आहे : बटाट्यावरचा व्हायरस, घरचे बेणे ठेवावे का?

नमस्कार मंडळी,
आमचा मंचरजवळ रब्बीचा बटाटा आहे, जात कुफरी पुखराज. बेणे पंजाबचे, व्यापाऱ्याकडून घेतलेले. काही झाडांची खालची पाने कडेने वर वळून द्रोणासारखी झालीत. जाड, कडक, हातात चुरगळली की कडकड वाजतात. झाड खुजे. शेंड्यापेक्षा खालची पाने आधी वळलीत, म्हणून मला हा बेण्यातूनच आलेला पाने वळण्याचा व्हायरस रोग, म्हणजे लीफ रोल वाटतो. काही झाडांवर मात्र नुसते हिरवे-पिवळे चट्टे आहेत, तो मोझॅक असावा.

दुकानदार इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मारा म्हणतो. पण माझ्या वाचनानुसार लीफ रोल पसरवायला माव्याला झाडावर बराच वेळ रस शोषावा लागतो, तिथे औषध कामी येते. मोझॅक करणारा वाय व्हायरस मात्र मावा दोन-चार टोच्यांतच देऊन जातो, औषधाने मरायच्या आधीच. मग मोझॅकसाठी फवारणीवर पैसे घालण्यात अर्थ आहे का? खनिज तेलाची फवारणी कोणी केली आहे का, पाने करपतात का?

रोगट झाडे कंदासकट उपटतोय. खरी अडचण बेण्याची आहे. शंभर पानांवर वीस मावे दिसायच्या आत पाला कापून बेणे राखायची शिमल्याच्या बटाटा संस्थेची पद्धत उत्तरेतल्या थंडीसाठी आहे. आपल्याकडे ती कोणी करून पाहिली आहे का? आणि बेण्यातला व्हायरस ओळखणारी एलायझा तपासणी पुणे भागात कुठे होते? माहिती असलेल्यांनी कृपया लवकर सांगा, काढणी जवळ आली आहे.