मदत हवी आहे: कनेक्टिकटची वंशावळ 1796 पाशी अडली, सफील्ड नक्की कोणत्या राज्यात?

नोंदवही:
नमस्कार मंडळी. जावयांच्या घराण्याची वंशावळ लावतेय. आपल्याकडच्या कुलवृत्तांतासारखं छापील काही नाही, त्यामुळे सगळं कागदांवरून जुळवायचं आहे. आडनाव इथे देत नाही, बाकी माहिती अशी:

1850 च्या जनगणनेत एक गृहस्थ ओहायोत, पोर्टेज काउंटीच्या सफील्ड टाउनशिपमध्ये आहेत. वय 54, जन्म कनेक्टिकट. मृत्यू 1868. तिथपर्यंतची साखळी पक्की. इंटरनेटवरच्या चार-पाच वंशवृक्षांत त्यांचे वडील म्हणून 'जन्म 12 फेब्रुवारी 1743, सफील्ड, मॅसॅच्युसेट्स' असे एक जण दाखवलेत आणि तिथून चार पिढ्या मागे 1635 साली लंडनहून बोटीने आलेला मूळपुरुष.

प्रश्न तीन. सफील्ड ओहायोत, कनेक्टिकटमध्ये की मॅसॅच्युसेट्समध्ये? या वडिलांच्या आईबापांचं लग्न 10 एप्रिल 1743 चं आहे, मग मुलगा दोन महिने आधी कसा जन्मला? आणि जावयांनी डीएनए चाचणी केली तर 1635 च्या माणसाशी नातं सिद्ध होईल का?

दप्तरखाना:
तिन्ही सफील्ड बरोबर आहेत. मूळ गाव एकच, 1670 च्या दशकात वसलेलं, तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या हद्दीत. 1749 साली सफील्ड, एनफील्ड, सोमर्स आणि वुडस्टॉक ही चार गावं कनेक्टिकटकडे गेली. ओहायोतली टाउनशिप तिथून गेलेल्या लोकांची, म्हणून तेच नाव. तुमच्या दृष्टीने ही खूण चांगली आहे, पण ती खूणच, पुरावा नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा: 1749 च्या आधीची मृत्युपत्रं आणि खरेदीखतं मॅसॅच्युसेट्सच्या हॅम्पशर काउंटीच्या दप्तरात शोधायची. त्यानंतरची कनेक्टिकटमध्ये, आणि तिथे जमिनीची नोंद काउंटीत नसते, गावाच्या टाउन क्लर्ककडे असते. र्‍होड आयलंड आणि व्हर्मॉन्टमध्येही तसंच. काउंटीच्या सूचीत नाव मिळालं नाही म्हणून 'जमीन नव्हती' असं ठरवणारे पुष्कळ जण असतात.

तारखेचं कोडं आपल्याला सोपं जावं. 1752 पर्यंत इंग्रजी वसाहतींत वर्ष 25 मार्चला बदलायचं. आपला शक जसा गुढीपाडव्याला बदलतो आणि जानेवारी ते मार्चमधल्या तारखेला शकात 78 ऐवजी 79 मिळवावे लागतात, तोच प्रकार. त्यांचा 'फेब्रुवारी 1743' एप्रिल 1743 नंतर येतो, म्हणजे आजच्या हिशेबाने फेब्रुवारी 1744. लग्नानंतर दहा महिन्यांनी मूल, काही वावगं नाही. तुमच्या नोंदीत तारीख '1743/4' अशी लिहा, नाहीतर पुढचा कुणीतरी पुन्हा 'दुरुस्त' करेल. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या नोंदीत महिने आकड्यांत असतात, तिथे 1752 च्या आधीचा 'पहिला महिना' म्हणजे मार्च.

खापरपणजी:
तारीख सुटली, पण खरी अडचण वेगळीच दिसतेय. 1744 चा बाप, 1796 चा मुलगा. बाप 52 वर्षांचा. अशक्य नाही, पण आई बहुधा दुसरी बायको असायला हवी, आणि तुमच्या वंशवृक्षांत दुसरं लग्न नाही. दोन वेगळ्या माणसांना एक केलंय किंवा मधली एक पिढी गाळलीय, असा माझा दाट संशय. चार-पाच वृक्षांत तेच आहे याला काडीची किंमत नाही, सगळे एकमेकांवरून उतरवलेले असतात.

अशी गल्लत 'ज्युनियर' शब्दामुळे फार होते. त्या काळात सीनियर-ज्युनियर म्हणजे बापलेक असलेच पाहिजेत असं नाही. गावात एकाच नावाचे दोघे असले की थोरला सीनियर, धाकटा ज्युनियर. काका-पुतणेही असतील. सीनियर वारला की कालचा ज्युनियर आज सीनियर. तसंच जुन्या मृत्युपत्रात 'कझिन' म्हणजे पुतण्या किंवा भाचा असू शकतो, 'सन-इन-लॉ' म्हणजे सावत्र मुलगा असू शकतो. आणि 'माय नाऊ वाइफ' (माझी आताची बायको) वाचून आधीची पहिली बायको गृहीत धरू नका, वकिली शब्द आहे तो.

1635 सध्या विसरा. 1796 चा सांधा पक्का करा.

पहिली पायरी 1800 ची जनगणना. कनेक्टिकटच्या 1790, 1800 आणि 1810 च्या याद्या शाबूत आहेत. नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकीची डोकी वयोगटांत. 1796 चा मुलगा म्हणजे 'दहा वर्षांखालील मुलगे' या रकान्यात किमान एक हवा. गावात त्या आडनावाच्या प्रत्येक घराची रकानेवार नोंद कागदावर उतरवा. ज्या घरात तो रकाना रिकामा, ते घर मागे टाका. पूर्ण बाद नाही, मोजणाराही चुकतो. ओहायोची 1810 ची यादी मात्र वॉशिंग्टन काउंटी सोडून नष्ट झालीय, तिथे करयाद्या बघाव्या लागतात.

दुसरी पायरी खरेदीखत. ओहायोत पहिली जमीन घेताना खतात घेणारा कुठला राहणारा ते लिहितात. 'सफील्ड, हार्टफर्ड काउंटी, कनेक्टिकट' एवढे शब्द मिळाले की पूल बांधला गेला. पोर्टेज काउंटी 1808 ची. त्याआधीचं खत ट्रम्बल काउंटीत, वॉरनला.

कोरा_कागद:
शोधायचं कुठे त्याबद्दल. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट खातं काढा आणि 'फुल-टेक्स्ट सर्च' वापरा. त्यात हस्ताक्षरातली मृत्युपत्रं आणि खतं यंत्राने वाचलेली असतात, त्यामुळे सूचीत नसलेले साक्षीदार, शेजारी, जावई सापडतात. जुना लांब 'एस' यंत्र 'एफ' वाचतं, म्हणून आडनावात एस असेल तर तिथे एफ घालूनही शोधा. काही पानं घरून उघडत नाहीत, त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न वाचनालयात जाऊन बघावी लागतात.

जन्म-लग्नांसाठी कनेक्टिकटचं बार्बर कलेक्शन: साधारण 1850 पर्यंतच्या गावोगावच्या नोंदी, आडनावाच्या क्रमाने. पण ती नक्कल आहे. खंड आणि पान टिपून मूळ वहीची प्रतिमा बघा, कारण वहीत एका बापाची सगळी मुलं बहुधा एकाच पानावर असतात, नकलेत ती विखुरतात. चर्चमधले बाप्तिस्मे वेगळे. थडग्यांसाठी 1930 च्या दशकातलं हेल कलेक्शन आहे, तेव्हा वाचता येत होते ते बरेच दगड आज गुळगुळीत झालेत.

डीएनएने तुमचं काम होणार नाही. नेहमीच्या ऑटोसोमल (आई-बाप दोन्हींकडून आलेल्या डीएनएच्या) चाचणीत दर पिढीला वाटा निम्म्याने घटतो. 1635 चा माणूस तुमच्या हिशेबाने जावयांच्या मागे अकराव्या पिढीत असेल, तिथे पूर्वजांच्या 2048 जागा आहेत. त्याचा एक तुकडाही आला नसेल. शिवाय न्यू इंग्लंडच्या जुन्या गावांत सगळे सगळ्यांचे नातेवाईक, त्यामुळे जुळलेला तुकडा कुठल्या वाटेने आला ते ठरत नाही. आडनाव बापाकडून अखंड आलं असेल तर वाय-डीएनएला (बापाकडून फक्त मुलाकडे जाणार्‍या) अर्थ आहे, तोही त्याच मूळपुरुषाचा दावा करणार्‍या दुसर्‍या शाखेतल्या पुरुषाने चाचणी दिली तर.

नोंदवही:
खूप आभार! 1800 च्या यादीत त्या आडनावाची तीन घरं आहेत, दहाखालील मुलगे दोनच घरांत. आणि 1744 वाल्याच्या घरात नाहीत!! फुल-टेक्स्टमध्ये 1821 चं खत मिळालं: आमचे गृहस्थ, 'पोर्टेज काउंटी, ओहायोचे राहणारे', सफील्डमधल्या जमिनीतला आपला आठवा हिस्सा विकतात, 'माझे वडील, दिवंगत' असं म्हणून. वडिलांचं नाव 1744 वाल्याचंच. थोरल्या मुलाला दुप्पट वाटा असायचा असं वाचलंय, म्हणजे भावंडं सात ना?

खापरपणजी:
फक्कड कागद आहे, आपल्याकडच्या वारसाच्या फेरफारासारखा. पण सातवर थांबू नका. थोरल्याला दुप्पट हा नियम मृत्युपत्र नसतानाचा, आणि तो अठराव्या शतकाच्या शेवटी रद्द झाला. बाप त्याआधी गेला असेल तर आठ हिस्से म्हणजे सात मुलं, नंतर गेला असेल तर आठ. या बापाला 1796 चं मूल आहे, म्हणजे तो बहुधा नंतरच गेला. आठ वारस धरून शोधा. उरलेल्या सातांचीही खतं त्याच सुमारास त्याच वहीत असणार, मुलींची नावं जावयांसकट. विधवेच्या हयातभराच्या तिसर्‍या हिश्शाचा उल्लेख आला तर आईचं नावही मिळेल.

दप्तरखाना:
आणि नाव तेच असलं तरी हा बहुधा 1744 वाला नाही, त्याचा मुलगा किंवा पुतण्या असावा. कोण ते ठरवायला दोन जागा बघा. कनेक्टिकट स्टेट लायब्ररीकडची वारसा-प्रकरणांची मूळ कागदपत्रं, त्यात वाटणीचा तक्ता असतो. दुसरी, अमेरिकन क्रांतियुद्धातल्या सैनिकांच्या पेन्शन फायली, नॅशनल आर्काइव्ह्जची एम 804 मालिका. 1744 वाला 1832 पर्यंत जगण्याची शक्यता कमी, पण त्या वर्षीच्या कायद्याखाली किंवा 1836 नंतर विधवांच्या कायद्याखाली अर्ज झाला असेल तर जन्मगाव, लग्नाची तारीख, कुठे कुठे राहिलो ते सगळं शपथेवर लिहिलेलं मिळतं. काही विधवांनी लग्नाचा पुरावा म्हणून कौटुंबिक बायबलची पानं फाडून जोडलीत. फाईल मागवताना निवडक पानांची नव्हे, पूर्ण फाईल बघा, ती पानं निवडक संचात बर्‍याचदा गळतात.