विषय: पुन्हा: पुन्हा: अंबाझरीच्या समितीचे पैसे, चेक थांबवला आहे

खजिनदार:
नागपूरच्या अंबाझरी तलावाजवळच्या पूरग्रस्तांच्या समितीला मंडळाचा चेक पाठवता येत नाही. तिच्याकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी घेण्याच्या कायद्याखालची, नोंदणी नाही. आपलं मंडळ परदेशात नोंदलेलं, त्यामुळे मंडळाच्या खात्यातून गेलेला पैसा विदेशी देणगी ठरतो. नोंदणीला संस्था तीन वर्षं जुनी हवी, त्या काळात कामावर निदान 15 लाख खर्च झालेला हवा, शिवाय खातं स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेत. वकिलाच्या फीसाठी वर्गणी काढणाऱ्या चार घरांना हे कसं जमणार?

वहिनी (सध्या नागपुरात):
भाऊ, चार घरं नाहीत ती. 23 सप्टेंबर 2023 ला पहाटे तलावाचं पाणी घरात शिरलं तेव्हा सासूबाईंना याच पोरांनी बाहेर काढलं. तक्रार न्यायची तर नगरसेवकच नव्हते. 2022 च्या मार्चमध्ये मुदत संपली, तेव्हा महापालिकेवर प्रशासक होता. म्हणून लेआउटवाले, म्हणजे तिथल्या वसाहतीतले रहिवासी, हायकोर्टात गेले. वर्गणीची वही मी पाहिली आहे, पै न् पै लिहिलेली. लोकं मनापासून करून राहिले, आपण कागदावर अडवू नका.

माजी सचिव:
वहीचा प्रश्न नाही. देणगी कार्यकारिणीच्या ठरावाशिवाय जात नाही. आणि ही समिती उमेदवारांना घरी बोलावून प्रश्न विचारते. आपल्या घटनेत राजकारण बसत नाही.

धरमपेठचा सदस्य:
नाल्याची भिंत कधी बांधणार हे उमेदवाराला विचारायचं नाही, तर कोणाला विचारायचं? मी परदेशातल्या भारतीय नागरिकांसाठीचा फॉर्म 6ए भरून मतदार यादीत नाव घातलं. मत द्यायला मात्र मूळ पासपोर्ट घेऊन केंद्रावर स्वतः जावं लागतं, टपालाने चालत नाही. तिकीट काढून गेलो. तुम्हीही नावं घाला.

ज्येष्ठ सदस्या:
आम्ही ओसीआयवाल्यांनी, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांनी, काय करायचं? मत नाही, आता पैसाही विदेशी. माझं माहेर त्याच लेआउटमध्ये आहे हो. फार लागलं मनाला.

खजिनदार:
ताई, कायदा पासपोर्ट पाहतो, माझ्या हातात नाही. तुमची रक्कम परत करतो. भारतीय पासपोर्टवाल्यांनी मात्र आपापल्या बचतीतून, स्वतःच्या खात्यातून थेट द्यावी. ती विदेशी देणगी धरत नाहीत. सोबत पासपोर्टची प्रत द्या, समितीच्या दप्तरी राहील. मंडळाचं नाव कुठेही नको, म्हणजे ठरावही नको. कोण देणार ते रविवारपर्यंत कळवा. वहिनी, खातेक्रमांक इथे टाकू नका, मला वेगळा पाठवा.