ज्वारीतला टारफुला: कापूस लावून जमिनीतलं बी संपवता येईल का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

आमच्या सव्वा एकर खरीप ज्वारीला यंदा टारफुल्याने, म्हणजे पिकाच्या मुळांवर जगणाऱ्या तणाने, पार धरलंय. जमिनीत ओल असूनही ताटं दुपारी माना टाकतात. काल एक ताट खुरप्याने हळूच उकरून बादलीत धुतलं. ज्वारीच्या मुळीला टारफुल्याची पांढरी मुळी गाठीसारखी चिकटलेली, ओढून सुटेना. वर मात्र वीतभर रोप आणि इवलंसं पांढरं फूल. जीव हळहळला, कारण ते जमिनीवर दिसेपर्यंत खालून रस शोषून झालेला असतो.

म्हणून बियाबद्दल वाचायला घेतलं. बी धुळीसारखं, एका झाडाला हजारोंनी, आणि मातीत दहा-दहा वर्षं जिवंत राहतं. आठ-पंधरा दिवस ओल आणि ऊब मिळाली तरी ते एकटं उगवत नाही, शेजारी मूळ असल्याची खूण लागते. ती खूण म्हणजे मुळांतून झिरपणारी स्ट्रायगोलॅक्टोन. ज्वारी ती सोडते मुळांना स्फुरद (फॉस्फरस) मिळवून देणाऱ्या मायकोरायझा बुरशीला बोलवायला, आणि स्फुरद कमी पडला की जास्तच सोडते. बोलावणं बुरशीला, ऐकतो टारफुला!

यातलं पहिलं रसायन, स्ट्रायगॉल, १९६६ साली सापडलं ते कापसाच्या मुळांच्या स्रावात. कापसावर तर टारफुला जगत नाही. म्हणजे कापूस लावला की बी फसून उगवणार आणि धरायला मूळ न मिळाल्याने काही दिवसांत मरणार. इथेच मला आशा वाटते.

ज्यांनी करून पाहिलंय त्यांनी सांगा: कापूस सलग किती वर्षं घ्यावा? ज्वारीत आंतरपीक म्हणून चालेल का? स्फुरद वाढवल्याने कुणाला फरक दिसला का?

प्रतिसाद

ताई, कापसाचा विचार बरोबर आहे, पण एका हंगामावर भिस्त ठेवू नका. मुळाच्या अगदी जवळचंच बी फसतं, लांबचं तसंच पडून राहतं. त्यामुळे फेरपालट काही वर्षं चालू ठेवा. आंतरपिकात ज्वारीची मुळं असतातच, तेव्हा उगवलेलं बी त्यांनाही धरेल. स्फुरद माती तपासूनच द्या. आत्ता मात्र फुलोऱ्यातली रोपं आजच उपटा, बांधावर टाकू नका, जाळा. आणि कोळपं दुसऱ्या रानात नेण्याआधी धुऊन घ्या, चिखलातून बी जातं.