अनुभव धागा: मुलांना घेऊन रानात, किनाऱ्यावर, मैदानात

पायवाट

गेली अकरा वर्षं मुलांना घेऊन बाहेर फिरणं हेच माझं काम आहे. नॅशनल पार्क, आरे, कधी गोरेगावचं बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं) केंद्र, कधी एखाद्या सोसायटीची मागची भिंत. मुंबईत हे काम करणारे आपण बरेच जण आहोत पण एकमेकांशी बोलणं फक्त तारखा आणि बस यांच्यापुरतंच होतं, म्हणून हा धागा. उपदेश नको, मुलांसोबत बाहेर असताना तुमच्यासमोर काय घडलं आणि त्यानंतर तुम्ही काय वेगळं करायला लागलात तेवढं लिहा. सुरुवात माझ्यापासून.

पहिल्याच वर्षी डिसेंबरात नॅशनल पार्कातल्या शिलोंढ्याच्या वाटेवर पाचवीचा एक वर्ग घेऊन गेले होते. आदल्या रात्री बसून बेचाळीस नावांची यादी केलेली, झाडं, पक्षी, कोळी, सगळं. पहिल्या वळणावर एक मुलगा ऐनाच्या खोडाशी थांबला. खोडावर मातीची एक रेघ वर चढत गेली होती. म्हणाला, "ताई, झाडाला नस आहे." मी म्हटलं वाळवी आहे ती, चल पुढे. कुणाची तरी बॅग घासून त्या रेघेचा बोटभर तुकडा पडला होता, आत पांढऱ्या वाळव्या उघड्या पडून धावत होत्या, त्याला ते बघायचं होतं आणि मला पुढचं झाड गाठायचं होतं. दोन तासांनी परत येताना तो सगळ्यांच्या पुढे पळत तिथे गेला आणि ओरडला, "बुजवलं! त्यांनी भोक बुजवलं!" ओली माती, रंग वेगळा, स्पष्ट दिसत होतं. मग पूर्ण वर्ग तिथे गोळा झाला, त्यांना बुजवायची घाई का असेल, ऊन लागतं का, मुंग्या येतात का, माती ओली कशाने केली, पाणी कुठून आणलं. बेचाळीस नावांपैकी एकही कुणी विचारलं नाही.

तेव्हापासून मी एका तासात एकच झाड घेते. आणि नाव शेवटी सांगते, कधी कधी सांगतच नाही. नाव सांगितलं की मुलं वहीत लिहितात आणि बघायचं थांबतात, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. शिक्षकांना सुरुवातीला हे पटत नाही, त्यांना पैसे दिल्यावर भरपूर काहीतरी झालेलं दिसायला हवं असतं. मी त्यांना सांगते की याच वर्गाला याच झाडाशी जूनमध्ये परत आणा. दहातल्या दोन शाळा आणतात. त्या दोन शाळांची मुलं वेगळीच होतात.

ओहोटी

मी किनाऱ्यावर काम करतो, गिरगाव, हाजीअली, कार्टर रोड, जुहू. लोकांना वाटतं मुंबईच्या समुद्रात आता काय उरलंय, पण चांगली ओहोटी पकडली तर खडकांच्या डबक्यांत समुद्रफुलं, शंखातले खेकडे, गोगलगायींचे प्रकार, नशीब असेल तर लहानसा ऑक्टोपस सुद्धा दिसतो. 2017 पासून मरीन लाइफ ऑफ मुंबईवाल्यांनी हे फिरणं लोकांपर्यंत पोचवलं, त्यामुळे आता पालक स्वतःहून विचारतात.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका कोळी आजींनी. मी मोबाइलवर भरती-ओहोटीचं ॲप बघत उभा होतो तर म्हणाल्या, आज तिथी कुठली? चतुर्थी. मग तिची पाऊणपट कर. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनला पूर्ण भरती, आणि साधारण सहा तासांनी, नऊच्या सुमारास, पाणी सगळ्यात खाली. झालं! तेव्हापासून प्रत्येक ग्रुपकडून हे गणित करून घेतो. अष्टमीला काढा, सहा येतात, म्हणजे ओहोटी भर दुपारी बाराला, आणि शिवाय त्या दिवसांत भांग असते, म्हणजे पाणी फार मागे हटतच नाही, म्हणून अष्टमीच्या आसपास वॉक ठेवायचा नाही. अमावास्या-पौर्णिमेनंतरची द्वितीया-तृतीया बेस्ट, सकाळी साडेसात ते सव्वाआठ. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा का येते हे मुलांना चंद्रावरून समजावायला गेलं की डोळे फिरतात, पण आधी पाऊणपट करून पाणी खरंच त्या वेळेला आलेलं बघितलं की तीच विचारायला लागतात की असं का. आजीचं गणित आधी, चंद्र नंतर, असा क्रम मी ठेवलाय.

दुसरी गोष्ट शंखांची. एका चौथीतल्या मुलीने पिशवी भरून शंख गोळा केले होते, आईला दाखवायला. मी ओरडलो नाही. तिला एक शंखातला खेकडा दाखवला, त्याची मागची बाजू मऊ असते, स्वतःचं कवच नसतं, मोठा झाला की मोठं घर शोधावं लागतं. शेजारीच एक खेकडा बाटलीचं प्लास्टिकचं झाकण पाठीवर घेऊन चालला होता. तिने दोन मिनिटं बघितलं आणि न सांगता एकेक शंख परत ठेवायला लागली, नुसते टाकले नाहीत, तोंड वर करून ठेवले, त्यांना आत शिरता यावं म्हणून. हे तोंड वर करणं मी तिला शिकवलं नव्हतं.

नवीन लोकांसाठी: दगड उचलला तर जसा होता तसाच परत ठेवा, खालच्या अंगाला चिकटलेले जीव उन्हात मरतात. शेवाळावरून घसरायला होतं, चप्पल नको, बूट हवेत. आणि पाणी वळलं की आपण वळायचं, कितीही भारी काही दिसत असलं तरी.

मानखुर्दच्या बाई

मी महापालिकेच्या शाळेत शिकवते, तुमच्यासारखी फिरणारी नाही, पण लिहिते. आमच्या मुलांना बसचे पैसे काढणं शक्य नसतं त्यामुळे नॅशनल पार्क वगैरे वर्षातून एकदा झालं तर झालं. म्हणून जे आहे ते शाळेच्या आवारातच.

कढीपत्त्याचं एक झाड आहे पाण्याच्या टाकीजवळ. त्यावर लिंबाळी फुलपाखरू अंडी घालतं. सुरवंट आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो, काळपट पांढरा, मुलं "ई" करून लांब होतात, मग काही दिवसांनी तोच हिरवागार होतो आणि डिवचलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढतो, वास पण येतो. तिसरी-चौथीच्या परिसर अभ्यासाचा तास मी तिथेच घेते. एकदा कुणीतरी कीड म्हणून झाडावर औषध मारलं, सगळे सुरवंट खाली पडलेले. मुलं रडली. एका मुलाने पुठ्ठ्यावर लिहून लावलं, "इथे आमचे सुरवंट राहतात, औषध मारू नये." तो पुठ्ठा पावसात भिजला की मुलं नवीन लावतात, आता तिसऱ्या वर्षीची मुलं लावतायत ज्यांनी ते औषध प्रकरण बघितलंच नव्हतं.

शून्य सावलीचा दिवस मात्र जमत नाही हे दुःख आहे. मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर वर्षातून दोनदा येतो, 15 मेच्या आसपास दुपारी बारा पस्तीसच्या सुमारास आणि 28 जुलैच्या आसपास पाऊणच्या सुमारास. मेमध्ये शाळा बंद आणि जुलैत आभाळ बंद! गेल्या वर्षी मी सुट्टीतच निरोप दिला की येईल त्याने यावं, ऊन फार आहे, टोपी घालून या. अकरा जण आले. स्टीलचा ग्लास उपडा ठेवला, सावली आत आत जात जात नाहीशी झाली. एक मुलगा म्हणाला बाई, बाराला का नाही झाली, घड्याळ पुढे आहे का? मग आपलं घड्याळ मुंबईच्या सूर्यावर चालत नाही, साडेब्याऐंशी अंश रेखांशावर चालतं, तो सूर्य आपल्याकडे उशिरा पोचतो, हे त्या अकरा जणांना जितकं नीट समजलं तितकं फळ्यावर मी वर्षानुवर्षं समजावू शकले नव्हते.

पाड्यावरची

मी आरेमधल्या पाड्यावर राहते, आम्ही वारली. आधी शाळेचे ग्रुप यायचे तेव्हा मला डबे वाटायला बोलवायचे. वाट मला माहिती, झाडं मला माहिती, पण बोलायला शहरातले ताई-दादा. एकदा जूनमध्ये आलेल्या दादांना शेवळं ओळखता आली नाहीत, त्यांनी मुलांना वेगळंच काही सांगितलं, मी मागून म्हटलं हे शेवळं आहे, आम्ही भाजी करतो. मग मुलं माझ्याकडे वळली. कच्चं खाल्लं तर काय होतं? घसा खाजतो, सुया टोचल्यासारखं. मग तुम्ही कसं खाता? काकड नावाच्या झाडाची फळं घालून शिजवतो, आंबट असतात, खाज मरते. कुणी शोधून काढलं? मी म्हटलं आजीच्या आजीने, तिच्या आधी कुणी ते मला माहीत नाही.

त्या दादांनी चांगुलपणा दाखवला, पुढच्या वेळी मला पुढे केलं आणि पैसेही त्यांच्याइतके मिळाले पाहिजेत म्हणून बोलले. आता मी स्वतः ग्रुप घेते. मुलं विचारतात बिबट्याची भीती नाही वाटत का. वाटते, पण आम्ही अंधारात एकटं लहान पोर बाहेर सोडत नाही, कचरा दारात ठेवत नाही, कचऱ्याला कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे तो. हे मी जसं आहे तसं सांगते. बिबट्या गोड आहे असंही नाही आणि राक्षस आहे असंही नाही, तो शेजारी आहे.

तांबट

धारावीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात मी दृष्टिहीन मुलांचा एक गट नेला होता, त्याबद्दल लिहितो. ती जागा आधी कचऱ्याची डंपिंग होती, 37 एकर, 1994 ला लोकांसाठी उघडली. आत जाताना मी मुलांना एवढंच सांगितलं की तुमच्या पायाखाली मुंबईचा जुना कचरा आहे आणि त्यावर जंगल आहे. एका मुलीने खाली बसून मूठभर माती उचलली, वास घेतला, म्हणाली "कचऱ्याचा वास गेला कुठे?" वर्षभर कंपोस्टवर बोलायला पुरेल असा प्रश्न.

मी तयारी म्हणून झाडांची सालं निवडली होती, काटेसावरीचे काटे, अर्जुनाचं गुळगुळीत खोड, पारिजातकाचं पान पॉलिशपेपरसारखं खरखरीत. ते सगळं आवडलं त्यांना. पण खरी गंमत तांबट पक्ष्याने केली. टुक टुक टुक टुक सुरू झालं आणि मी वर बघून शोधत बसलो, पानात दिसेना. दोन मुलांनी न बोलता हात वर करून दिशा दाखवली, दोघांची बोटं एकाच फांदीकडे. होता तिथेच. मग त्यांनीच सांगितलं की तो डोकं फिरवतो तेव्हा आवाज लांब गेल्यासारखा वाटतो, पण पक्षी हललेला नसतो. मी वीस वर्षं तांबट ऐकतोय, हे मला त्या दिवशी कळलं. आता डोळस मुलांच्या वॉकची पहिली दहा मिनिटं पण मी डोळे मिटूनच घेतो.

आता बँकेत

मी हे काम सहा वर्षं केलं आणि सोडलं, तेही इथे यायला हवं असं वाटतं. काम सोडावंसं कधीच वाटलं नाही, सोडावं लागलं. वॉकप्रमाणे पैसे, पावसाळ्याच्या तोंडावर आणि परीक्षांच्या महिन्यांत काहीच नाही, आणि मी ज्यांच्यासाठी करत होतो त्या संस्थेने चार महिन्यांचे पैसे थकवले, मागितले की "हे काम पैशासाठी करतोस का" असं ऐकवायचे. घरभाडं मात्र दर महिन्याला. चाळीस मुलं आणि मी एकटा असंही केलंय, तेव्हा एका मुलाने खाजकुयलीची शेंग हातात घेतली आणि मी रांगेच्या दुसऱ्या टोकाला. चोळू नको म्हणायला पोचेपर्यंत त्याने तोंडाला हात लावला होता. चिकटपट्टीने कुसं काढली, धुतलं, पण तासभर ते पोर तळमळत होतं आणि मी आजही ते विसरलेलो नाही. बारा-पंधरा मुलांमागे एक मोठं माणूस, यापेक्षा जास्त घेऊ नका, शाळा कितीही म्हणो.

आणि संडास! वाटेवर सोय नसते म्हणून सातवी-आठवीच्या मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, मग उन्हात चक्कर. हे मला एका शिक्षिकेने तिसऱ्या वर्षी सांगितलं, तोपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मार्ग ठरवताना आधी संडास कुठे आहे ते बघा, मग पक्षी.

रविवारी अजूनही जातो, भाच्यांना घेऊन.

पायवाट

आता बँकेत, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलं. पैशांचं आपण सगळे गिळून बसतो. मी आता शाळेकडून निम्मी रक्कम आधी घेते, आणि मुलांची संख्या कागदावर लिहून घेते, जास्त आली तर दुसऱ्या सहकाऱ्याचे पैसे वेगळे. दोन शाळा तुटल्या त्यामुळे, बाकीच्या राहिल्या.

पाड्यावरच्या ताई, जूनमध्ये माझा एक गट तुमच्याकडे आणू का? मी मागे उभी राहीन.

मानखुर्दच्या बाई

ओहोटी दादा, तुमची पाऊणपट वाचून शनिवारी सहावीच्या मुलांना घेऊन ट्रॉम्बेच्या जेट्टीवर गेले, हे काय आमच्या पायाशीच आहे आणि बसचा खर्चही नाही. पंचमी होती, पाच पाऊणे पावणेचार. आम्ही सव्वातीनपासून पायऱ्या मोजत बसलो, पाणी कुठल्या पायरीला आहे ते दर पाच मिनिटांनी खडूने. पावणेचारला पाणी थांबायला हवं होतं, ते चढतच राहिलं. अर्ध्या तासाहून जास्त उशीर झाला. मुलं म्हणाली गणित चुकलं. एक म्हणाली गणित नाही चुकलं, पाण्याला समुद्रातून इथे खाडीत आत यायला वेळ लागत असेल. तिसरा म्हणाला तिथी चुकली असेल, कॅलेंडर बघा. यातलं कुठलं खरं ते मी सांगितलेलं नाही. आता तेरस ते तीज रोज दोघं-दोघं जाऊन पायरी लिहून आणणार आहेत, मोठ्या माणसासोबत, बहुतेकांचे बाबा किंवा काका तिथेच होडीवर असतात. तुमच्या बाजूची, गिरगावची, त्याच दिवसांची वेळ लिहून द्याल का? मुलांना शेजारी ठेवून बघायचंय.