उत्तर - सफारी रॅली : रस्ता बंद नसायचा

या धाग्यात वर कुणीतरी म्हटलंय की सफारी रॅली, म्हणजे पूर्व आफ्रिकेतली लांब पल्ल्याची मोटार शर्यत, पहिल्यापासून युरोपातल्या मोटार कंपन्यांच्या संघांचीच. हे नाही पटलं. १९५३ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकानिमित्त ती सुरू झाली आणि बाहेरचा चालक जिंकायला थेट १९७२ उजाडलं, तो फिनलंडचा हानू मिक्कोला. तोवर सगळे विजेते पूर्व आफ्रिकेत राहणारेच. १९६५ साली केनियात जन्मलेले जोगिंदर सिंग धाकट्या भावाला, जसवंतला, शेजारी बसवून जिंकले, तेही जुन्या व्होल्व्होत! युगांडात जन्मलेल्या शेखर मेहतांनी तर पुढे ती पाच वेळा जिंकली.

धाग्यात एक गोष्ट आलीच नाही. तेव्हा रस्ते रॅलीसाठी बंद नसायचे. समोरून ट्रक यायचा, गुरं आडवी यायची. म्हणून पुढे पुढे मोठे संघ गाडीच्या वरून हेलिकॉप्टर उडतं ठेवायचे आणि वरचा माणूस रेडिओवर सांगायचा, वळणापलीकडे काय आहे ते. त्यात पाऊस झाला की आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखीच तिथली काळी माती, चाकाला लोंदा धरणारी. १९६३ मध्ये ८४ पैकी फक्त ७ गाड्या शेवटपर्यंत पोचल्या. मला तर ते सातही जण विजेतेच वाटतात.